नाडीपरीक्षेतला ताओ: पूर्व आशियाई वैद्यकात तो नेमका कुठे सापडतो?

गवतीचहा

‘चिनी नाडीपरीक्षा म्हणजे ताओवादाची देणगी’ हे वाक्य मराठी लेखांत हमखास येतं. खाली पुरावा म्हणून यिन-यांगचं ते काळंपांढरं वर्तुळ चिकटवलेलं असतं. एवढ्यावर पटत नाही. जाणकारांना विचारायचं आहे:

ग्रंथात बोट ठेवून ‘हे ताओवादी’ म्हणता येईल अशा जागा कोणत्या? वैद्याने स्वतःच्या श्वासावर रुग्णाची नाडी मोजायची, हे प्रत्यक्षात कसं करतात, आणि खिशात घड्याळ असताना का करायचं? दिवसाला 13,500 श्वास हा आकडा सारखा दिसतो, तो आला कुठून? शेवटचं म्हणजे आपल्या नाडीपरीक्षेशी याचं काही नातं आहे का?

चिनी नावं देवनागरीत लिहिलीत तर उपकार होतील.

चिनीमाती

ते वर्तुळ आधी बाजूला ठेवू. दोन माशांसारखं दिसणारं हे चित्र मिंग काळात (1368-1644) रूढ झालं. नाडीचे मूळ ग्रंथ त्याच्या हजारभर वर्षं तरी आधीचे आहेत.

यिन-यांग आणि पाच अवस्था ही हान काळात (इ.स.पू. 206 ते इ.स. 220) सगळ्यांचीच भाषा होती. (‘पंचतत्त्वं’ म्हणू नका. लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी ही तिथे द्रव्यं नाहीत, एकीतून दुसरीत सरकत जाणाऱ्या अवस्था आहेत.) पंचांग करणारे, दरबारातले कन्फ्यूशियन पंडित, लष्करी सल्लागार, सगळे तीच वापरत. ती दिसली की ताओवाद म्हणायचं, तर ‘कर्म’ हा शब्द वापरणारा प्रत्येक मराठी लेखक जैन ठरेल.

खऱ्या जागा वेगळ्या आहेत. पहिली तर चक्क एका रेशमी कापडावर आहे. चांगशाजवळ मावांगद्वी इथे 1973 मध्ये तिसरी कबर उघडली. ती इ.स.पू. 168 मध्ये बंद झालेली. त्यात लाओत्सेच्या, म्हणजे ताओवादाच्या मूळ ग्रंथाच्या दोन प्रती निघाल्या, आणि नाड्यांवरचे छोटे ग्रंथही. त्यातला एक, अकरा यिन-यांग नाड्यांचा, ज्या कापडावर आहे त्याच कापडावर त्याच्या आधी धान्य वर्ज्य करून श्वासावर राहण्याचा विधी लिहिलेला आहे आणि नंतर व्यायामाच्या 44 आकृत्या रंगवलेल्या आहेत. त्या काळच्या माणसाला या तीन गोष्टी एकाच गुंडाळीत ठेवाव्याशा वाटल्या. पुढे हुबेईत चांगच्याशानच्या कबरीतही नाडीचा ग्रंथ आणि व्यायामाचा ग्रंथ बरोबरच सापडले. तेव्हा ‘ताओ धर्म’ नावाची संघटित संस्था नव्हती, ती इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आली. पण आयुष्य राखण्याच्या, म्हणजे ‘यांगशंग’च्या साधना होत्या, आणि नाडीचं ज्ञान त्यांच्या शेजारी वाढलं.

दुसरी जागा ‘सुवेन’चा, म्हणजे ‘ह्वांगदी नेइचिंग’ या चिनी वैद्यकाच्या मूळ ग्रंथाच्या पहिल्या भागाचा, 17वा अध्याय. नाडी धरायलाही एक ‘ताओ’, म्हणजे मार्ग आहे, तिथे रितेपण आणि निश्चलता हे धन, असं एक वाक्य त्यात येतं. मूळ शब्द ‘श्यू-चिंग’. लाओत्सेच्या 16व्या प्रकरणाच्या पहिल्याच ओळीत हेच दोन शब्द, रितेपण गाठावं आणि निश्चलता जपावी, अशा अर्थाने आहेत. इथे नुसतं साम्य म्हणून भागत नाही. वैद्याने काय करावं यापेक्षा वैद्याने कसं *असावं* हे सांगायला लेखकाने साधकांची परिभाषा उचलली आहे. याच अध्यायात पहाटे नाडी बघायला सांगितलं आहे: यिन हललेलं नाही, यांग पांगलेलं नाही, पोटात अन्न-पाणी गेलेलं नाही. ऋतूंच्या नाड्याही इथल्याच. वसंतात लाटेत पोहणाऱ्या माशासारखी वरवर, हिवाळ्यात बिळं बुजवून बसलेल्या किड्यांसारखी पार हाडालगत.

तिसरी जागा संपादनाची. आज आपण वाचतो ते ‘सुवेन’ वांग बिंगने इ.स. 762 मध्ये पुरं केलेल्या मांडणीचं. तो उघडउघड ताओवादी होता. ‘गूढाचं दार उघडणारा’ अशा अर्थाचं टोपणनाव घ्यायचा, टीपांत लाओत्से उद्धृत करायचा. पुरातन काळच्या ‘खऱ्या माणसां’वरचा, मन रितं ठेवलं की खरी ‘ची’ (प्राणशक्ती) मागोमाग येते असं सांगणारा अध्याय त्याने पहिला आणून ठेवला. आधीच्या चुआन युआनछीच्या प्रतीत तो नवव्या खंडात होता. म्हणजे ग्रंथ उघडल्या उघडल्या ताओवादी वाटतो, यातला बराच वाटा संपादकाचा आहे. याच्याकडे लोक साफ दुर्लक्ष करतात.

सुईदोरा

श्वास मोजण्याबद्दल लिहितो. हे नीट न समजल्यामुळे होणारे घोटाळे बरेच आहेत.

‘सुवेन’च्या 18व्या अध्यायातला नियम असा: एका उच्छ्वासात दोन ठोके, श्वास आत घेताना दोन, आणि दोन श्वासांमधल्या विसाव्यात किंवा एखादा लांब श्वास आला तर पाचवा. या पाचव्या ठोक्यासाठी शब्द वापरला आहे तो कालगणनेतला, आपण अधिक महिना म्हणतो तोच. मराठी वाचकाला यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही. श्वासामागे चार, अधूनमधून पाच, तो निरोगी. तीन किंवा कमी म्हणजे मंद, सहा किंवा जास्त म्हणजे जलद.

पुढचं वाक्य त्याहून महत्त्वाचं. वैद्य आजारी नाही, म्हणून वैद्याने आपला श्वास सम करून त्यावर रुग्णाला तोलायचं. इथे मोजमापाचं साधन वैद्याचं शरीर आहे. तराजूच वाकडा असेल तर वजन चुकणारच. जिना चढून आलेला, भांडून आलेला, नुकताच जेवलेला वैद्य चुकीचंच मोजणार.

आता हिशेब. मिनिटाला 16 ते 18 श्वास धरले तर श्वासामागे 4-5 ठोके म्हणजे मिनिटाला 64 ते 90. अगदी पटण्यासारखं. पण समजा वैद्य प्राणायाम किंवा छीगोंग (श्वासाची चिनी साधना) करणारा आहे आणि बसल्या जागी त्याचा श्वास मिनिटाला 8 वर आला आहे. समोरच्याची नाडी 72, अगदी ठणठणीत. वैद्याला श्वासामागे 9 ठोके लागतील. त्याच अध्यायात पुढे लिहिलंय की एका उच्छ्वासात चारपेक्षा जास्त ठोके म्हणजे मृत्यू! ‘मन शांत करा’ याचा अर्थ ‘श्वास लांबवा’ असा घेतला की हे होतं. सम श्वास म्हणजे न ओढलेला, न रोखलेला, नेहमीचा श्वास. लहान मुलांच्या बाबतीत तर हे प्रमाण लावूच नये, त्यांची नाडी मुळात जलद असते.

प्रत्यक्ष क्रम असा:

रुग्णाला पाच-दहा मिनिटं बसू द्या. घड्याळ, घट्ट बांगड्या काढा. तळहात वर, मनगट हृदयाच्या पातळीत, मनगटाखाली छोटी उशी. हात लोंबता किंवा उंच ठेवला की नाडीचं भरलेपण बदलतं आणि मग पुढचं सगळं वर्णन फुकट.

अंगठ्याच्या बाजूला मनगटाच्या वर हाडाचा उंचवटा लागतो. त्याच्या आतल्या बाजूला आधी *मधलं* बोट ठेवायचं. ही जागा ‘ग्वान’. मग तर्जनी मनगटाच्या घडीकडे, ती ‘त्सुन’. अनामिका कोपराकडे, ती ‘छ्र’. नवशिके तर्जनीपासून सुरुवात करतात आणि तिन्ही जागा सरकतात. उंच माणसाला बोटं फाकवून, बुटक्याला जवळ. तीन वर्षांखालच्या मुलाच्या मनगटावर तीन बोटं मावतच नाहीत, एकच ठेवतात. बोटाचं टोक वापरू नका, नखाचा दाब येतो. पेराचा पूर्ण सपाट भागही नको. टोक आणि गादी यांच्या मधला, किंचित उंच भाग वापरायचा. तिन्ही बोटं कमानदार, एका पातळीत.

मग दाब. चौदाव्या शतकातल्या ह्वा शोउने तीन क्रिया सांगितल्या: उचलणं, दाबणं, शोधणं. हलक्या बोटाखालीच लागते ती ‘तरंगती’. हाडापर्यंत दाबल्यावर लागते ती ‘खोल’. मधे कमी-जास्त करत हुडकणं म्हणजे शोधणं. नेहमीची चूक म्हणजे पहिल्याच झटक्यात जोरात दाबणं. त्याने धमनी मिटते आणि ‘नाडी क्षीण आहे’ असा निष्कर्ष निघतो. क्षीण काही नव्हतं, बोट जड होतं.

किती वेळ? ‘लिंगशू’त, म्हणजे ‘नेइचिंग’च्या दुसऱ्या भागात, 50 ठोक्यांची अट आहे. पन्नासांत एकही चुकला नाही तर पाचही अवयवांना ची पोचते आहे, चाळीसनंतर एक गळला तर एका अवयवाला पोचत नाही, असं. 72च्या गतीने पन्नास ठोक्यांना साधारण 42 सेकंद लागतात. त्या कोष्टकावर विश्वास ठेवायची गरज नाही, पण पन्नास मोजायची शिस्त फार उपयोगी आहे. दहा-पंधरा ठोक्यांत हात सोडला तर अनियमित ठोका सापडतच नाही. सापडला तर पुढची पायरी ईसीजी. त्यावर कविता करत बसू नये.

आणखी एक. काहींची धमनी जन्मतःच मनगटाच्या पाठीमागून किंवा तिरकी जाते. नेहमीच्या जागी काहीच लागत नाही. चिनी वैद्यकात या दोन्हींना वेगळी नावं आहेत आणि तो आजार मानत नाहीत. मनगट उलटं करून बघा, मग घाबरा.

घड्याळ असताना श्वास का? गती मोजायला घड्याळच वापरा. श्वासाचा उपयोग लक्ष टिकवायला. मन भरकटलं की आपल्या श्वासाची मोजणी पहिल्यांदा चुकते, आणि ते लगेच कळतं.

पुस्तककिडा

13,500 चं उत्तर ‘नानचिंग’मध्ये आहे. हा 81 प्रश्नोत्तरांचा ग्रंथ, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. याच्या पहिल्याच प्रश्नात डोकं, मान, पाय इथल्या नाड्या बघण्याची जुनी पद्धत बाजूला सारून फक्त मनगटावर सगळं बघता येतं असं म्हटलं आहे. आज जी नाडीपरीक्षा चिनी म्हणून ओळखली जाते ती इथून सुरू होते.

हिशेब: एका उच्छ्वासात नाडी 3 त्सुन चालते, श्वास आत घेताना 3, मिळून 6. शरीरात 28 वाहिन्या, त्यांची एकूण लांबी 16.2 चांग, म्हणजे 1,620 त्सुन. (लांबीचा हा त्सुन आणि मनगटावरचा त्सुन शब्दाने एकच, इथे गोंधळू नका.) 1,620 भागिले 6, एका फेरीला 270 श्वास. दिवसरात्रीत 50 फेऱ्या. 270 गुणिले 50 बरोबर 13,500.

28 का? कारण आकाशात चंद्राची 28 घरं. आपल्याकडे अभिजित धरून 28 नक्षत्रं होतात तसंच. म्हणजे हा आकडा कोणी झोपलेल्या माणसाशेजारी बसून मोजलेला नाही, तो आकाशावरून शरीरावर उतरवला आहे. पडताळा सोपा: 13,500 भागिले 1,440 मिनिटं म्हणजे मिनिटाला 9.4 श्वास. श्वासामागे चार-पाच ठोके हा नियम त्याला लावला तर नाडी मिनिटाला 37 ते 47 येते! दोन्ही नियम एकत्र खरे असूच शकत नाहीत. सुईदोरांनी दिलेला चार-पाचचा नियम बोटांतून आलेला आहे, 13,500 गणितातून.

गंमत म्हणजे आपल्याकडचा आकडा वेगळा. अजपाजपाचे 21,600 श्वास, दासबोधातल्या अजपानिरूपणातही हाच. 21,600 भागिले 1,440 म्हणजे बरोबर 15. हाही गणितीच आहे (वर्तुळाच्या 360 अंशांच्या तितक्याच कला होतात), पण निदान विसावलेल्या माणसाच्या जवळ जातो.

ताओवादाची गडद छाया मात्र याच ग्रंथाच्या आठव्या प्रश्नात आहे. प्रश्न असा: मनगटाची नाडी सम असूनही माणूस मरतो, का? उत्तर: दोन मूत्रपिंडांच्या मधे हलणारी ची हे मूळ. बारा वाहिन्यांचं मूळ तेच, श्वासाचं दारही तेच. मूळ तुटलं की वरची नाडी बरी असून काय उपयोग. हीच जागा बेंबीखाली असल्याचं 66वा प्रश्न सांगतो. ध्यान करणारे ताओवादी जिथे लक्ष एकवटतात ते ‘दानतियन’ही तिथेच. म्हणून ‘छ्र’ची जागा महत्त्वाची. 14व्या प्रश्नात तिला झाडाच्या मुळाची उपमा आहे: फांद्या-पानं सुकली तरी मूळ असेल तर पुन्हा फुटेल. आजही आजारी, वृद्ध रुग्णात ‘मूळ आहे का’ हे ‘छ्र’वर खोल दाबून बघतात.

दाबासाठी याच ग्रंथात दाण्यांचं माप आहे. तीन दाण्यांचा भार त्वचेशी, फुप्फुस. सहा दाणे, रक्तवाहिनी, हृदय. नऊ, मांस, प्लीहा. बारा, स्नायुबंध, यकृत. मग हाडापर्यंत, मूत्रपिंड. हे शब्दशः घेऊ नका. आजच्या सोयाबीनचा दाणा सुमारे 0.15-0.2 ग्रॅमचा, बारा दाणे दोन-अडीच ग्रॅमही होत नाहीत. एवढ्या भाराने बोट स्नायुबंधापर्यंत काय, त्वचेत रुतणारही नाही. तीन, सहा, नऊ, बारा हे पायऱ्यांचं प्रमाण आहे: तेवढ्याच फरकाने, न धसमुसता उतरत जा.

गवतीचहा

आकड्यांचं आता नीट कळलं, आभार. पण हे सगळं वैद्यांनी साधकांकडून घेतलेलं झालं. स्वतः ताओवादी साधू असलेल्या कोणी नाडीवर लिहिलं आहे का? आणि नाडीवरून नशीब सांगतात तेही ताओवादीच ना?

चिनीमाती

लिहिलं आहे, आणि ते फार गाजलं. बाराव्या शतकात लूशान पर्वतावर राहणारा त्स्वी च्यायान. दक्षिण सोंग काळातला ताओवादी साधू. त्याने चार-चार अक्षरांच्या ओळींत नाडीशास्त्र बांधलं, पाठांतरासाठी.

त्याचं काम समजायला आधीची अडचण बघा. तिसऱ्या शतकात वांग शूहेने ‘माइचिंग’मध्ये 24 नाड्या वर्णिल्या, आणि प्रस्तावनेत कबूल केलं की मनात सहज उमगतं, बोटाखाली कळत नाही. चोवीस प्रकार वेगळे ओळखायचे कसे? त्स्वीने चार दोऱ्या पकडल्या: तरंगती, खोल, मंद, जलद. जाळ्याची कडेची दोरी ओढली की सगळं जाळं येतं, तसे बाकीचे प्रकार या चारांत बसवले. पहिल्या दोन खोलीच्या, पुढच्या दोन गतीच्या. दोन प्रश्न आधी सोडवा, मग बारकावे. शिकवायला याहून चांगली पद्धत आजही नाही.

सोळाव्या शतकात ली शिचन या वैद्याच्या वडिलांनी या ओळी सुधारल्या, आणि ली शिचनने 1564च्या आपल्या ‘बिन्हू माइश्वे’ या 27 नाड्यांच्या पुस्तकाला त्या जोडल्या. त्या पुस्तकावर पिढ्या शिकल्या. म्हणजे आजचा विद्यार्थी ‘तरंगती-खोल-मंद-जलद’ घोकतो तेव्हा नकळत एका साधूचा धडा घोकत असतो. याच ली शिचनने आठ विशेष वाहिन्यांवरच्या ग्रंथात म्हटलंय की आतले बोगदे फक्त आत वळून पाहणाऱ्यालाच दिसतात. हा रोख सरळ अंतःकिमया, म्हणजे शरीराच्या आतच किमया साधू पाहणाऱ्या ताओवादी साधकांकडे आहे.

कोरियात तर हे लपवलेलंही नाही. हो जुन या वैद्याचा ‘दोंगुई बोगाम’ हा वैद्यकग्रंथ 1610 मध्ये पुरा झाला, 1613 मध्ये छापला. सुरुवातीलाच तो म्हणतो की ताओने सूक्ष्म भाग घेतला, वैद्यकाने जाडाभरडा. म्हणून पहिला खंड शरीराच्या अंतर्भागाचा आणि सार, ची, चेतना या त्रयीचा. नाडी मात्र पुढे, रोगांच्या खंडात, साध्या कामाची गोष्ट म्हणून येते.

नशिबाचं म्हणाल तर त्याला ‘थायसू’ नाडी म्हणतात. पद, पैसा, आयुर्मान मनगटावरून. एका ताओवाद्याच्या नावावर खपवलेली आहे, पण अठराव्या शतकातल्या शाही ग्रंथसूचीने तिला वैद्यकात न घेता भविष्यकथनात टाकलं. योग्यच केलं.

सुईदोरा

राहिलेला प्रश्न, आपल्या नाडीचा. चरक-सुश्रुतांत नाडीपरीक्षा नाही. ती ठळकपणे येते शार्ङ्गधरसंहितेत, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या आसपास. अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं, हे साम्य बघून ‘चीनहून आली’ म्हणायचा मोह होतो. पण आतलं यंत्र वेगळं आहे. आपल्याकडे तीन बोटं म्हणजे वात, पित्त, कफ. तिकडे तीन जागा गुणिले दोन हात, आणि प्रत्येक जागेचा अवयव ठरलेला: डाव्या हाताला त्सुन हृदय, ग्वान यकृत, छ्र मूत्रपिंड, उजव्याला फुप्फुस, प्लीहा, आणि छ्रवर ‘मिंगमन’ म्हणजे जीवनद्वार. आपण पुरुषाचा उजवा आणि स्त्रीचा डावा हात आधी बघतो. तिकडे बरोबर उलट, पुरुषाचा डावा, कारण डावी बाजू यांग. नक्कल केली असती तर हे तरी तसंच उतरलं असतं.

उपमांतही फरक आहे. शार्ङ्गधर गतीला प्राणी लावतो: वाताला जळू-साप, पित्ताला कावळा-बेडूक, कफाला हंस-पारवा. चिनी उपमा बऱ्याचदा बोटाला काय *लागतं* त्याच्या. सरकती नाडी म्हणजे ताटलीत घरंगळणारे मोती. खरबरीत म्हणजे सुरीने बांबू खरवडावा तशी. पोकळ नाडी म्हणजे कांद्याची पात, वरून कड लागते आणि दाबलं की आत काही नाही. ही रक्त बरंच गेल्यावर लागते असं मानतात. हिच्याशी हमखास घोटाळा होतो तो ‘चामडी’ नाडीचा. तीही आतून रिकामी, पण वरून ढोलक्याच्या पुडीसारखी ताणलेली. फरक वरच्या कडेत कळतो: पातीची कड मऊ लागते, पुडी बोटाला ढकलते. एकदा बाजारातली ताजी पात आणि एखादी ताणलेली ढोलकी, दोन्हींवर मधलं बोट ठेवून हलकं दाबून सोडा. लगेच उमगेल.